जत्रेत संगीत नाटक ठेवताय? आधी ऑर्गनचं बघा

यंदा ऑर्केस्ट्रा नको संगीत नाटक ठेवूया असं कमिटीत ठरतं, कुणीतरी कंपनीला फोन लावतं, तारीख मिळते आणि सगळे निवांत होतात, खरी कामं तिथून सुरू होतात.

पहिल्यांदाच करत असाल तर डोळे झाकून सौभद्र घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ चं, कॉपीराइट कधीच संपलाय आणि जुन्या लोकांना पदं पाठ असतात. मूळ नाटकात शंभरावर पदं, पूर्वी रात्रभर चालायचं, आता तीन-साडेतीन तासांत बसवतात. 'प्रिये पहा' हे पद कापलंय का तेवढं विचारा, कापलं असेल तर मी तरी दुसरी कंपनी बघेन.

आता ऑर्गन, म्हणजे गाण्याच्या साथीची पेटी. पायाने भाता मारत वाजवायचा असतो, त्यामुळे स्टेजच्या फळ्या हलत असतील तर वादक सगळा वेळ डुगडुगतो, तेवढ्या कोपऱ्यात खाली जास्तीचे टेकू मारून घ्या. वादक अशा जागी बसवा की गाणाऱ्याची आणि त्याची नजरानजर होईल, तान कुठे संपवायची, वन्समोअर घ्यायचा की पुढे जायचं हे सगळं डोळ्यांनीच चालतं. अर्जुनाची आणि सुभद्रेची गायची पट्टी वेगळी, म्हणून तबलजी दोन-तीन तबले लावून ठेवतो, त्याला पडदा उघडायच्या आधी शांत अर्धा तास द्या, तेव्हा माईक टेस्टिंग हॅलो हॅलो नको. जनरेटर मंडपाच्या मागे लांब.

साउंडवाल्याला दम द्या की आवाज फोडायचा नाही. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या गायक नटांनी मुंबईत बालीवाला थिएटरला संयुक्त मानापमान, म्हणजे ते संगीत नाटक दोघांनी एकत्र, केलं ते माईकशिवाय, इथे एको कशाला लावता?

लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे, ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, आपला दिवस त्यात बसतो का ते पोलीस स्टेशनला आधीच विचारा आणि नांदी सातला सुरू होईल असंच बघा. पूर्वी मंडळी गावात मुक्काम ठोकायची, आता बस आणि सेटचा टेम्पो दुपारी येतो, रात्रीच परत. म्हणून मेकअपच्या खोलीत मोठा आरसा, भरपूर उजेड, पिण्याचं गरम पाणी तयार ठेवा. जेवण प्रयोगानंतरच, आधी फक्त चहा आणि हलकं काहीतरी.

आणि सत्कार मध्यंतरात. तिसरी घंटा झाल्यावर सरपंचांच्या हातात माईक दिलात तर साडेसात तिथेच वाजतात.