दोन-तीन फ्लाय लावल्या तरी गुंता होऊ नये म्हणून काय करायचं

फ्लाय फिशिंगमध्ये एका लीडरवर (लाईनच्या टोकाला जोडलेला बारीक, पारदर्शक दोरा) दोन-तीन फ्लाय (किड्यासारखे दिसणारे हलके गळ) लावल्या की गुंता होणारच असं बरेच जण धरून चालतात, पण खरं सांगायचं तर बहुतेक गुंते कास्टिंगमध्येच, म्हणजे लाईन फेकतानाच होतात आणि ते टाळता येतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लूप, फेकताना हवेत लाईनला पडणारा वळसा, मोठा ठेवा. एका फ्लायला जो अरुंद, टोकदार लूप छान वाटतो तोच इथे घात करतो, म्हणून रॉड जरा सावकाश फिरवा, मागे लाईन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा आणि मगच पुढे या, झटका अजिबात नको, झटका दिला की रॉडचं टोक खाली जातं आणि फ्लाय एकमेकींवर येतात. फॉल्स कास्ट (लाईन पाण्यावर न टेकवता हवेतच मागे-पुढे करणं) जितके कमी तितकं बरं, एक-दोन पुरे. वारा असेल तर मागचा कास्ट बाजूने आणि पुढचा डोक्यावरून, असा गोलाकार घ्या म्हणजे लाईनवर ताण कायम राहतो.

आता बांधणी. सगळ्यात जड फ्लाय टोकाला, हलकी वर. ड्रॉपर, म्हणजे वरची फ्लाय ज्या लीडरच्या आखूड फाट्याला बांधतात तो, १०-१५ सेंटीमीटरच ठेवा, लांब ठेवला की तो लीडरभोवती गुंडाळतोच, आणि त्याला मऊ नायलॉनपेक्षा जरा कडक फ्लोरोकार्बन वापरा. दोन फ्लायमध्ये नदीत साधारण ५० सेंटीमीटर, तलावात मीटरभर अंतर चालतं.

आणि हो, तरीही गुंता झालाच तर ओढू नका! आधी टोकाची फ्लाय कापा, मग सोडवा.