परसातली लाकडी खोली: कोकणच्या पावसात टिकेल अशी

खोली बांधायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, लाकूड कुठलं घेऊ? मी सांगते, आधी पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार ते ठरवा. आमच्या दापोलीकडे वर्षाला 3 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लाकूड भिजल्याने कुजत नाही, ओलं राहिल्याने कुजतं. बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांवर ओल लागते. भिजलेलं लाकूड लवकर वाळलं, तर साधा फणसही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

जागा माडाखाली नको. नारळ आणि झावळ्या पडून कौलं फुटतात. दार नैर्ऋत्येला तर मुळीच नको, झड सरळ आत येते. माझ्या 10 बाय 12 फुटांच्या खोलीचं दार मी पूर्वेला ठेवलं.

जोतं भरून त्यावर लादी घालू नका. खांबांच्या जागी चिऱ्याचे दीड-दोन फूट उंच चौथरे बांधा आणि प्रत्येकावर काळ्या दगडाचा तळखडा बसवा. खांब त्यावर उभा राहील, मातीला शिवणार नाही. माझ्या खोलीला सहा खांब आहेत. जमिनीच्या फळ्यांखाली वारा खेळता हवा आणि तुम्हाला वाकून बघता आलं पाहिजे. वाळवी दगडावरूनही मातीची नळी बांधत चढतेच, पण ती नळी दिसली तर वेळीच मोडता येते. बंद जोत्यात ती दिसतच नाही, म्हणून माझा या मोकळ्या तळावर एवढा जोर.

आता लाकूड. खांब-तुळयांना ऐन किंवा किंजळ, फळ्यांना फणस. गाभ्याचंच घ्या, कडेच्या पांढुरक्या भागाला किडा आधी लागतो. ताज्या चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा. इंचाच्या जाडीला वर्षभर, असा साधारण हिशेब. थांबायचं नसेल तर पाडलेल्या जुन्या घराच्या तुळया शोधा. स्लॅबच्या हौसेपायी तसलं पोसलेलं लाकूड जळणाला जातं, याचं मला फार वाईट वाटतं. स्वतःच्या वाडीतलं झाड तोडणार असाल तर आधी परवानगी काढा. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडं 1964च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.

भिंतीच्या फळ्या आडव्या, खालून वर लावत न्या. वरची फळी खालचीवर इंचभर चढवा. प्रत्येक फळीला स्क्रू फक्त खालच्या कडेजवळ, आणि तोही खालच्या फळीच्या वरच्या कडेवरून, तिला न भेदता जाईल असा. एकच स्क्रू दोन फळ्यांतून गेला तर जुलैत फुगताना त्या चिरतात. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, खारा वारा साध्या लोखंडाला खातो. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून फूटभर तरी वर हवी, कारण पागोळ्यांचं पाणी आपटून तेवढं उडतं. पागोळ्यांच्या रेषेत खडी भरलेला चर काढा.

छपराला 30 अंशांचा उतार आणि चहूबाजूंनी अडीच फूट वळचण. ही वळचण कोणत्याही पॉलिशपेक्षा भिंत जास्त राखते. रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या पट्ट्यांचं, अंतर टेपने ठरवू नका. आणलेलीच मंगलोरी कौलं दोन ओळी मांडून बघा आणि त्यावरून खुणा करा, भट्टीगणिक माप थोडं बदलतं. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात आमच्या तालुक्यात छपरंच्या छपरं उडालेली मी पाहिली आहेत. म्हणून वासे तुळईला लोखंडी पट्टीने बांधा, खांब चौथऱ्यात पुरलेल्या पट्टीला बोल्टने आवळा, आणि कोपऱ्यांत तिरके टेकू द्या.

बाहेरून काजूच्या टरफलांचं तेल लावा. होड्यांना आणि वाशांना लावायची ही इथली जुनी रीत. कातडीवर पडलं तर भाजतं, हातमोजे हवेतच. खांबांची आणि फळ्यांची कापलेली टोकं तेलात जास्त भिजवा, पाणी तिथूनच आत शिरतं.

कौलं मेअखेर चढलेली हवीत. पहिल्या जोरदार सरीला दार लावून आत बसा आणि जिथे थेंब येईल तिथे जमिनीवर खडूने खूण करा. गळती बहुधा त्या खुणेच्या बरोबर वर नसते. उताराच्या वरच्या अंगाचं सरकलेलं कौल शोधा.