फ्रेंच विचारवंत वाचायचेत? आधी लिफ्टने वर जाऊन या

देकार्त, पास्कल, प्वांकारे ही मंडळी वाचायची तर सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं की बहुतेक लोक सांगतात देकार्तपासून कर, मग क्रमाने पुढे जा. मला हे अजिबात पटत नाही. पास्कलपासून करा, आणि पुस्तक उघडायच्या आधी त्याचा हवेच्या दाबाचा प्रयोग स्वतः करून बघा, कारण ह्या लोकांकडे फिजिक्स आणि फिलॉसॉफी असे वेगळे कप्पे नव्हतेच.

काय लागेल? बॅरोमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेले दोन फोन (सगळ्या फोनमध्ये नसतो, ॲप टाकून चेक करा), एक मित्र आणि एक उंच बिल्डिंग, जी मुंबईत शोधावी लागत नाही, परळ नाहीतर कांदिवलीला विसाव्या मजल्यावर कोणीतरी ओळखीचं राहतंच. आधी दोन्ही फोन खाली शेजारी शेजारी ठेवून आकडे लिहून घ्या, त्यांच्यात थोडा फरक असतोच. मग एक फोन खाली मित्राकडे ठेवून दुसरा घेऊन वर जा. साधारण ८ ते ९ मीटरला १ हेक्टोपास्कल दाब कमी होतो, म्हणजे ६० मीटर वर गेलात की ७ च्या आसपास उतरायला हवा. स्क्रीनवरच्या त्या युनिटला नाव पास्कलचंच आहे.

खालचा फोन कशाला, तर हवेचा दाब तसाही दिवसभर वरखाली होत असतो, मग फरक उंचीमुळे पडला की वेळेमुळे हे कळणार कसं! १९ सप्टेंबर १६४८ ला पास्कलच्या मेव्हण्याने, पेरियेने, हेच केलं, हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची एक नळी खाली क्लेरमाँमध्ये एकाच्या देखरेखीत ठेवली आणि दुसरी घेऊन १४६५ मीटर उंच प्युइ द दोम डोंगर चढला. वर पारा साधारण साडेआठ सेंमी उतरला, खालचा दिवसभर जागचा हलला नाही. निसर्गाला पोकळी, म्हणजे काहीच नसलेली जागा, सहन होत नाही आणि म्हणून पारा नळीत वर टिकतो असं तोवर शिकवत होते, आता निसर्ग डोंगराखाली पोकळीला जास्त घाबरतो आणि माथ्यावर कमी, असं थोडंच म्हणता येईल? मला तर हा फिलॉसॉफीतला सगळ्यात सुंदर युक्तिवाद वाटतो.

हे झालं की त्याचे 'पाँसे' घ्या, म्हणजे विचार, तो गेल्यावर १६७० मध्ये छापलेले. तुकडे तुकडे आहेत त्यामुळे दादर ते बोरिवली उभ्याने पण वाचता येतात. माणूस म्हणजे विचार करणारा बोरू, हे वाक्य त्यातलंच.

मग देकार्त. १६३७ चं पद्धतीवरचं पुस्तक ('डिस्कोर्स ऑन द मेथड') छोटं आहे, सहा भाग, दुसऱ्यातले चार नियम वहीत उतरवून घ्या. त्याने ते लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये लिहिलं, आपल्याला ज्ञानेश्वरांमुळे ह्याचं मोल वेगळं सांगायला नको. पोकळी असूच शकत नाही असं हाच माणूस म्हणायचा आणि १६४७ मध्ये तो पास्कलला भेटलाही होता, म्हणून तर पास्कल आधी वाचा म्हणतोय, वाचताना मनातल्या मनात भांडता येतं.

प्वांकारे शेवटी. १९०२ चं 'विज्ञान आणि गृहीतक' घ्या, त्यात भूमितीवरची प्रकरणं सावकाश, रविवारी घरी बसून वाचा, ट्रेनमध्ये नाही जमणार.