मराठीत डिझाइनवरचं ऑनलाइन मासिक चालवायचं तर

मी तेवीस वर्षं डीटीपी केलं, सदाशिव पेठेतल्या एका पोटमाळ्यावर. लग्नपत्रिका, प्रबंध, दिवाळी अंक. सहा वर्षांपूर्वी अक्षरं, पाट्या आणि मुखपृष्ठं यांवर ऑनलाइन मासिक सुरू केलं. 'मलाही काढायचंय, कसं करू?' असं विचारणारे अधूनमधून भेटतात. त्यांच्यासाठी हे.

आधी विषय आवळा. 'कला आणि संस्कृती' एवढ्यावर लेख मागवलेत तर पावसाच्या कविता येतात. मी मागवले होते, आल्या. मग 'हाताने रंगवलेल्या दुकानपाट्या' एवढाच विषय धरून बसले, तेव्हा लिहिणारे सापडायला लागले. त्यातले एक तर निवृत्त पेंटरच निघाले.

आता पानाकडे. डिझाइनवर लिहिणाऱ्याचं स्वतःचंच पान गबाळं असेल तर वाचक कशाला थांबेल? पान मराठीत आहे हे कोडमध्ये नोंदवून घ्या. नाहीतर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असूनही हिंदी वळणाचे दिसू शकतात. दोन ओळींत जागा सढळ सोडा, वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकता कामा नयेत. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

काही ज्येष्ठ लेखक अजून श्री-लिपी या जुन्या टंकलेखन-प्रणालीतली फाइल पाठवतात. आज वेबवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणल्यावर ती मूळ प्रिंटशी ताडून वाचाच, विशेषतः रफार आणि जोडाक्षरं. पंगतींवरच्या एका लेखात 'आचाऱ्यांना बोलावलं' असं होतं. आमच्याकडे 'आचार्यांना बोलावलं' असं गेलं. चुलीपाशी एकदम शंकराचार्य! इथे साधा र नको. खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य. दऱ्या आणि दर्या यांचंही तेच.

चित्रांच्या बाबतीत मी तोंडघशी पडलेय. एका जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मी चित्रकार दीनानाथ दलालांचं म्हणून टाकलं. रेषा तशी वाटली, एवढाच आधार. तासाभरात एका वाचकाने कोपऱ्यातली सही मोठी करून पाठवली, ती भलत्याचीच. तेव्हापासून सही पाहायची, अंकातल्या श्रेयनामावलीत 'मुखपृष्ठ' शोधायचं, दोन्ही जुळलं तरच नाव द्यायचं. नाही जुळलं तर 'चित्रकार अज्ञात'. त्यात कमीपणा नाही.

हक्कांचा हिशेब सोपा आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या जानेवारीपासून मोजून, साठ वर्षं कॉपीराइट राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे तो प्रश्न उरत नाही. ज्यांची साठ वर्षं अजून संपली नाहीत, त्यांच्या घरच्यांना पत्र लिहा. हक्क त्यांच्याकडे आहेत की प्रकाशकाकडे, हेही विचारा. होकार फोनवर मिळाला तरी लेखी घ्या, दोन ओळींचा मेसेजही चालतो.

पैशांचं थोडक्यात: डोमेन आणि होस्टिंगचा खर्च निघतो, लेखकाचं मानधन काढणं अवघड. तरी मानधन आधी द्या, स्वतःचं नंतर बघा. वर्गणीसाठी क्यूआर कोड लेखाच्या शेवटी ठेवा, मध्ये नको. आणि साप्ताहिकाच्या घोषणा करू नका. महिन्याला दोन लेख नीट संपादित होतात, तिसरा घाईचा होतो.

एक खर्च कुणी धरत नाही, तो धरा. त्या पेंटरकाकांवरचा लेख आल्यावर मी त्यांना लिंक पाठवली. त्यांनी फोन केला, "छान आहे हो, पण भिंतीवर काय लावू?" दुसऱ्या दिवशी रंगीत प्रिंट काढून घरी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, शीर्षकावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्या 'श'ची गाठ जरा ढिली आहे."