पोर्टफोलिओत चित्राखालच्या ओळी मनापासून लिहा

चित्रकार-डिझायनरचा पोर्टफोलिओ, म्हणजे आपलं काम दाखवणारी साइट, बघणारा बहुतेक वेळा घाईत असतो. म्हणून आजवरचं सगळं काम तिथे ओतू नका. 10-12 निवडक कामं पुरेत, आणि त्यातलं सगळ्यांत दमदार काम पहिलं. यापुढे ज्या प्रकारचं काम मिळावंसं वाटतं, तेच दाखवा. लोगो करायचा कंटाळा आला असेल, तर ते कितीही देखणे असोत, काढून टाका.

माझ्या मते खरी ताकद चित्राखालच्या मजकुरात आहे, आणि नेमकं तिथेच बरेच जण 'पुस्तकाचं मुखपृष्ठ' एवढं लिहून थांबतात. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'मुलांच्या विज्ञानपुस्तकाचं मुखपृष्ठ. छपाई दोनच रंगांत होणार होती, म्हणून छटांऐवजी जाड रेषा वापरल्या. चित्र आणि अक्षरलेखन माझं. आतली मांडणी दुसऱ्या डिझायनरची.' अडचण काय होती, मार्ग कसा काढला, तुमचा वाटा किती, सगळं कळलं. तुम्ही विचार कसा करता हे काम देणाऱ्याला दिसतं. सोबत एखादं कच्चं स्केच असेल तर फारच छान. (ग्राहकाचं काम टाकण्याआधी त्याची परवानगी मात्र घ्या.)

चित्रं एसआरजीबी प्रोफाइलमध्ये (स्क्रीनसाठीच्या रंगपद्धतीत) एक्स्पोर्ट करा. छपाईची सीएमवायके फाइल (चार शाईंच्या रंगपद्धतीतली) तशीच टाकली तर स्क्रीनवर रंग बदललेले दिसू शकतात. रुंदी साधारण 2000 पिक्सेल पुरते. मग वाय-फाय बंद करून फोनवर साइट उघडा. पहिलं चित्र यायला वेळ लागत असेल, तर फाइल आणखी हलकी करा. ईमेलचा पत्ता प्रत्येक पानावर ठेवा.