स्विंग, बोसा आणि फंक एकाच अल्बममध्ये: ड्रमरची तयारी

मराठवाड्यात ड्रम्सवर बसणारे बरेच जण ढोलकी, हलगी किंवा भजनी ठेक्यातून आलेले असतात. हात तयार असतो, पण समेवर जोर द्यायची सवयही मुरलेली असते. जॅझ अल्बमसाठी आधी ती सोडवा, कारण स्विंगचं (जॅझच्या झुलत्या लयीचं) वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं. लय मिनिटाला १६० मात्रा असेल तर मेट्रोनोम ८० वर लावा, प्रत्येक टिक दुसरी-चौथी मात्रा धरा आणि डाव्या पायाने हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) नेमका त्या टिकवर मिटा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, अगदी हलकी. ती मोठी झाली की डबल बासचे खालचे स्वर झाकले जातात आणि अख्खा बँड जड वाटतो.

स्विंगमध्ये राइडवर (ठेका धरायच्या मोठ्या झांजेवर) मात्रेचे तीन भाग धरायचे, मधला रिकामा सोडायचा. बोसा नोव्हात (ब्राझीलच्या संगीतशैलीत) मात्रेचे सरळ दोन समान भाग. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो: स्विंगची झुलती लय बोसात शिरते आणि गिटारशी पटत नाही. बोसाची किक १, अडीच, ३, साडेचार अशी मोजा. डाव्या हातात स्नेअरच्या (खाली तारा असलेल्या छोट्या ड्रमच्या) कडेवर आडवी काठी: पहिल्या आवर्तनात १, अडीच, ४; दुसऱ्यात २, साडेतीन. आधी हे तोंडाने म्हणा, मग हात लावा.

रेकॉर्डिंग गाण्यांच्या क्रमाने करू नका. ब्रशची (काठीऐवजी तारांच्या झुबक्याने वाजवायची) संथ गाणी आधी घ्या. त्यासाठी स्नेअरला खरखरीत पांढरं कोटेड हेड (लेप दिलेला ड्रमचा पडदा) हवं. गुळगुळीत हेडवर ब्रशची सळसळ उमटतच नाही. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवूनच टेक घ्या, त्याची घरघर वरच्या माइकमध्ये येते आणि ब्रशखाली लपत नाही. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर हवेत. सुतळीने मापा, नजरेवर विसंबू नका. अंतर चुकलं तर आवाज दोन्हीकडे मागेपुढे पोचतो आणि स्नेअर पातळ ऐकू येतो.

फंक (ठोस ठेक्याचं नाचरं संगीत) शेवटी. १८ इंची किक स्विंगसाठी चढी लावलेली असते, ती आता उतरवा आणि हेडला टेकेल अशी टॉवेलची घडी लावा, म्हणजे गुंजन कमी होईल. फंकमध्ये पहिली मात्रा ठोस लागते, तिथे समेची जुनी सवय खुशाल वापरा.