‘आधी खात्री करून घेऊ’: शिबिरात नव्याने येणाऱ्या ताई-दादांसाठी

मी २००९ पासून साताऱ्यात मुलांच्या एका मंडळात विनामोबदला काम करते. दिवसा पतसंस्थेतील नोकरी, संध्याकाळी मैदानावर खो-खो आणि लंगडी, पावसाळा ओसरला की अजिंक्यतारा आणि सज्जनगडाच्या सहली, आणि मे महिन्यात सहा दिवसांचे निवासी शिबिर असा माझा वर्षाचा क्रम आहे. संमतिपत्रे, प्रथमोपचाराची पेटी, मुलांची दर तासाला मोजणी या गोष्टी तुम्हांला ठाऊक असतील असे धरून चालते. मला लिहायचे आहे ते एका मुलाने लैंगिक त्रासाविषयी सांगितले तेव्हा माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी, कारण ती चूक मी वाईट हेतूने किंवा आळसाने केली नव्हती. जबाबदारीने वागत आहे या समजुतीने केली होती आणि तुम्हीही ती याच समजुतीने कराल. मुलाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मे २०१४ मधील शिबिराचा तिसरा दिवस होता. सकाळी पोह्यांच्या रांगेत सगळी मुले बनियनवर उभी होती आणि अकरा वर्षांचा एक मुलगा मात्र स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून उभा होता. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता, म्हणून पुढे गेले. रात्री ताटे विसळण्याच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन रेंगाळला आणि म्हणाला, “ताई, मी आज तुमच्या खोलीबाहेर व्हरांड्यात झोपू का?” का रे, असे विचारल्यावर ताटाच्या काठाला वाळलेले शीत नखाने खरवडत, वर न बघता तो म्हणाला, “दादा रात्री पायांना तेल लावतात. मला नको असतं.”

त्या क्षणी मला पुरेसे समजले होते. तरीही मी विचारत सुटले. कुठे लावतात, रोज लावतात का, बाकीच्यांनाही लावतात का, तुला नक्की आठवते ना, तू झोपेत तर नव्हतास ना? त्याने काही प्रश्नांची उत्तरे दिली, काहींना नुसती मान हलवली. मग ‘आधी खात्री करून घेऊ’ असे म्हणत मी त्याला शिबिरप्रमुखांकडे नेले. तिथे त्याने पुन्हा सांगितले. शिबिरप्रमुखांनी कोषाध्यक्षांना बोलावले, कारण इतक्या गंभीर गोष्टीला दोन साक्षीदार असावेत असे त्यांना वाटले, आणि मुलाला तिसऱ्यांदा सांगावे लागले. शेवटी ‘समोरासमोर होऊन जाऊ दे’ म्हणून खुद्द त्या दादालाच खोलीत बोलावण्यात आले. दादा दारात उभा होता, आम्ही तीन मोठी माणसे सतरंजीवर बसलो होतो आणि मुलगा मधोमध होता. तो म्हणाला, “मी झोपेत होतो. मला स्वप्न पडलं असेल.”

हे शब्द त्याचे नव्हते. तासाभरापूर्वी ‘तू झोपेत तर नव्हतास ना’ हे मीच विचारले होते. सुटका करून घेण्याची वाट मीच त्याच्या हातात दिली होती आणि वेळ आली तेव्हा त्याने ती धरली. तिच्यामुळे सुटला मात्र दुसराच कोणी.

मी या एकाच गोष्टीवर बराच वेळ घालवणार आहे, कारण नव्या कार्यकर्त्यांना दिल्या जाणाऱ्या माहितीत ती एका ओळीत उरकली जाते. मूल तुम्हांला काही सांगते तेव्हा ते बहुतेक वेळा सगळे सांगत नाही. ते एक छोटासा, सर्वांत कमी लाजेचा भाग पुढे करते आणि तुमचा चेहरा पाहते. तुम्ही प्रश्न विचारू लागलात की त्याला दोनच गोष्टी कळतात. एक, आपल्यावर विश्वास बसलेला नाही, आणि दोन, मोठ्यांना कोणते उत्तर हवे आहे. प्रत्येक नव्या माणसासमोर पुन्हा सांगताना त्याच्या बोलण्यात थोडा फरक पडतो, आणि पुढे न्यायालयात बचाव पक्षाचा वकील नेमका तोच फरक दाखवतो. म्हणजे खात्री करण्याच्या नादात आपण खात्री होण्याची शक्यताच कमी करतो. आरोप असलेल्या माणसाला बोलावून विचारणे तर त्याहून घातक आहे, कारण मुलावर दबाव आणायला आणि फोनमधील संदेश पुसून टाकायला त्याला तेवढीच संधी मिळते.

तेव्हा कायदा लागू होऊन दीड वर्ष झाले होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मला त्याचे नाव माहीत होते, कलम १९ माहीत नव्हते. असा गुन्हा घडल्याचे ज्याला समजले आहे किंवा तो घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे, असे ते कलम सांगते. पुरावा गोळा करा किंवा मंडळाची बैठक घ्या असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी कळवले नाही तर ती कैद एक वर्षापर्यंत जाते. तुम्ही पगार घेत नाही म्हणून यातून सुटत नाही. हे वाचून घाबरू नका, कारण सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही असे संरक्षण त्याच कलम १९ मध्ये दिलेले आहे. तुमची शंका तपासाअंती चुकीची निघाली तरी प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल तुम्हांला शिक्षा होत नाही. ‘खोटी तक्रार केली तर आपणच आत जाऊ’ हे वाक्य मी अनेक अनुभवी लोकांच्या तोंडून ऐकले आहे. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, बदनामीच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने खोटे सांगणाऱ्याला.

मग त्या वेळी करायचे काय? मुलाच्या उंचीला येऊन बसायचे आणि ऐकायचे. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे म्हणायचे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही द्यायचे नाही, कारण ते तुम्हांला मोडावेच लागेल; त्याऐवजी ‘जे आपल्याला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ असे म्हणता येते. आज रात्री ते मूल आणि तो माणूस एका छपराखाली राहणार नाहीत याची व्यवस्था लगेच करायची. मग बाजूला जाऊन मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत लिहून काढायचे, तारीख आणि वेळ घालायची आणि सही करायची. मुलाने शरीराच्या अवयवासाठी घरगुती शब्द वापरला असेल तर तोच लिहायचा, शुद्ध करायचा नाही. त्यानंतर फोन उचलायचा. ११२ (पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन्ही क्रमांक दिवसरात्र चालू असतात.

आमच्या त्या दादाचे पुढे काय झाले हे सांगायला मला आजही जड जाते. त्याला ‘यापुढे येऊ नका’ असे सांगण्यात आले आणि वैयक्तिक कारणांमुळे तो थांबत आहे असे जाहीर झाले. जुलैच्या बैठकीत त्याला शाल आणि श्रीफळ देण्यात आले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. २०१६ मध्ये एका मैत्रिणीने तिच्या भाच्याचे दुसऱ्या तालुक्यातील कबड्डी शिबिराचे छायाचित्र मला फोनवर दाखवले. त्यात मुलांच्या खांद्यावर हात ठेवून तो मधोमध बसला होता. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पोलीस ठाण्यात जाऊन, दोन वर्षे उशिरा, सगळे लिहून दिले. पुढील गोष्टी न्यायालयाच्या आहेत. पूर्वीच्या मुलाने काय करायचे ठरवले हे सांगण्याचा अधिकार मला नाही.

नंतर मी अमेरिकेतील बॉय स्काउट्स संस्थेविषयी वाचले. संशयित स्वयंसेवकांची नावे त्या संस्थेने अनेक दशके गोपनीय फाइलींमध्ये जपून ठेवली, आणि पुष्कळदा पोलिसांना न कळवता त्या माणसांना नुसते बाजूला केले. १९६५ ते १९८५ या काळातील १,२०० हून अधिक फाइली २०१२ मध्ये ओरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघड झाल्या. २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्या प्रक्रियेत ८२,००० हून अधिक लोकांनी दावे दाखल केले. त्यांच्याकडे फाइली होत्या, आमच्याकडे शाल होती. ‘मंडळाचे नाव जाईल’ ही भीती दोन्हीकडे सारखीच होती.

आपल्याकडचे चित्रही समोर आहे. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता, त्यांत मुलगे आणि मुली जवळजवळ सारख्याच प्रमाणात होते, आणि छळ करणारे बहुतेक ओळखीचे, विश्वासातले लोक होते. ‘मुलग्यांना काय होते’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मी ही पाहणी दाखवते. मंडळात तुम्हांला मार्गदर्शक निवडायची मुभा असेल, तर ‘आपल्यात तसं कोणी नाही’ असे म्हणणाऱ्याला निवडू नका, त्याचा अनुभव कितीही मोठा असो. मला घडवले ते एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी. त्या कोणावरही आरोप करत नसत, पण दिवे मालवल्यावर प्रत्येक खोलीच्या दाराशी दोन मिनिटे उभ्या राहत आणि आत कोणी मोठे माणूस असेल तर त्याला नावाने हाक मारून बाहेर बोलावत.

सोप्या उपायांविषयी माझे मत कडक आहे. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी जरूर करून घ्या. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची अशी पडताळणी वेळोवेळी करायला सांगितलेच आहे, आणि ‘आमच्याकडे कर्मचारी नाहीत, स्वयंसेवक आहेत’ ही पळवाट मंडळांनी शोधू नये. मात्र त्या कागदावर फक्त नोंद झालेले गुन्हे दिसतात, आणि आमच्या त्या दादाचा कागद २०१४ मध्ये अगदी स्वच्छ आला असता. वर्षातून एकदा पाहुणा बोलावून चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श यावर तासभर बोलून घेणे हेही असेच आहे. त्यातून स्वतःला वाचवण्याची जबाबदारी मुलांवर पडते आणि मोठी माणसे निर्धास्त होतात.

मुले सुरक्षित राहतात ती कंटाळवाण्या शिस्तीमुळे. एका मुलाबरोबर एकटे मोठे माणूस बंद दाराआड कधीही नसावे, दुचाकीवर एकट्या मुलाला घरी सोडायला कोणी जाऊ नये, मुलांना खाजगी संदेश पाठवायचे नाहीत, जे पाठवायचे ते पालक असलेल्या गटावरच. मोठ्या आणि लहान मुलांची झोपण्याची व्यवस्था वेगळी असावी, कारण काही वेळा त्रास देणारेही मूलच असते. एखादा दादा एकाच मुलाला सतत भेटवस्तू देत असेल, त्याच्यासाठी नियम मोडत असेल, घरच्यांचाही लाडका होऊन बसला असेल, तर ते लक्षात ठेवून नोंदवा. हे नियम चांगल्या माणसालाही लागू करताना सुरुवातीला अवघड वाटते. आमच्याकडे एक ज्येष्ठ कार्यकर्ते रागावून तीन महिने आले नाहीत. नंतर ते परतले आणि आता मुलांना घरी सोडण्याच्या वेळेची वही तेच सांभाळतात.

तुमच्या हातून माझ्यासारखी चूक आधीच झाली असेल, तर उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. उशिरा कळवणेही कळवणेच असते.

२०२३ च्या शिबिरात रात्री १० वाजून ४० मिनिटांनी एक नवी ताई माझ्याकडे आली. ती वीस वर्षांची होती आणि तिचे हात थरथरत होते. हजेरीच्या कागदामागे तिने एका मुलीची दोन वाक्ये लिहिली होती, घरातील एका नातेवाइकाविषयी, आणि खाली वेळ व सही होती. “मी काहीच विचारलं नाही ताई, चुकलं का माझं?” असे तिने विचारले. मी नाही म्हटले. एका ज्येष्ठ ताईंना त्या मुलीशेजारी झोपायला पाठवले आणि मुलीच्या आईला बोलावून घेतले. सव्वाअकरा वाजता आम्ही दोघी पोलीस ठाण्यात होतो. सकाळी एक महिला पोलीस उपनिरीक्षक साध्या पंजाबी ड्रेसमध्ये शिबिरात आल्या, आणि आई जवळ बसलेली असताना त्यांनी मुलीचे म्हणणे शाळेच्या ग्रंथालयाच्या खोलीत लिहून घेतले. आमच्यापैकी कोणीही त्या खोलीत गेले नाही.